गर्दीत श्वास कोंडला म्हणजे मेटल आपल्यासाठी नाही असं होत नाही

पत्र:

ताई, मी सव्वीस वर्षांची आहे आणि शाळेत असल्यापासून हेवी मेटल ऐकतेय, त्यातला थ्रॅश हा वेगवान प्रकार सगळ्यात जास्त. मागच्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या शोला गेले. सोबतचा मित्र म्हणाला की खरे फॅन बॅरिकेडवर, म्हणजे स्टेजपुढच्या लोखंडी कठड्याला चिकटून असतात, म्हणून गेट उघडल्या उघडल्या आम्ही धावत पुढे गेलो. सपोर्ट बँडपर्यंत, म्हणजे मेन बँडच्या आधी जो वाजवतो त्याच्यापर्यंत, सगळं मस्त होतं. मग मेन बँड स्टेजवर आला आणि मागून असा लोंढा आला की माझे पाय जमिनीला लागतायत की नाही तेच कळेना, हात वर काढता येईना, श्वास अर्धाच जात होता. तिसऱ्या का चौथ्या गाण्याला मी रडत रडत सिक्युरिटीला हात केला आणि त्यांनी मला बॅरिकेडवरून उचलून बाहेर काढलं. उरलेला शो मी भिंतीला टेकून नुसता ऐकला. दुसऱ्या दिवशीपण कान वाजत होते. तेव्हापासून मित्र चिडवतो की तू फक्त हेडफोनवाली फॅन. आता माझा सगळ्यात आवडता बँड येतोय, स्टँडिंगचं तिकीट काढलंय, मित्र यावेळी नाहीये, म्हणजे एकटीच. लांबून मॉश पिट, म्हणजे लोक एकमेकांवर आपटत नाचतात ती जागा, बघताना आत जावंसं वाटतं आणि भीतीपण वाटते. माझी उंची जेमतेम पाच फूट आहे. तिकीट विकून टाकू का? आणि जायचंच असेल तर सपोर्ट बँड सोडून थेट मेन बँडलाच जाऊ का, म्हणजे गर्दीत कमी वेळ राहावं लागेल?
– उंचीने आणि हिमतीने कमी

उत्तर:

अगं तिकीट अजिबात विकू नकोस. आणि सही करताना ते हिमतीने कमी वगैरे लिहिलंयस ना ते आधी खोडून टाक, कारण श्वास जात नाहीये हे ओळखून, जिथे मागून हजार लोक ढकलतायत अशा जागी हात वर करून मदत मागायची आणि बाहेर यायचं, याला अक्कल आणि हिंमत दोन्ही लागतात. बरेच जण लाजेपोटी हात वर करत नाहीत आणि तिथेच चक्कर येऊन पडतात. तू त्या दिवशी योग्य तेच केलंस.

आता मुख्य मुद्दा, कारण तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतोय. तू म्हणतेस तुला पिटची भीती बसली. पण तू पिटमध्ये गेलीच नव्हतीस. तू बॅरिकेडवर होतीस, आणि बॅरिकेडवर जे झालं तो दाब होता. पिट म्हणजे मधे मोकळी झालेली जागा, जिथे लोक एकमेकांवर आपटतात, पळतात, पडतात, उठतात, आणि तिथे प्रत्येकाला हलायला जागा असते. दाबात जागाच नसते. मागच्या माणसाला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, तो फक्त अर्धं पाऊल पुढे सरकतो, त्याच्या मागचापण सरकतो, आणि त्या सगळ्या अर्ध्या अर्ध्या पावलांचं वजन शेवटी लोखंडी बॅरिकेडला चिकटलेल्या माणसाच्या छातीवर येतं, म्हणजे तुझ्या. कोणी वाईट वागत नसतं तरी हे होतं. साधारण एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असतील तर आपण आपल्या पायांनी उभे असतो, सहाच्या पुढे गेलं की आपण कुठे जायचं ते आपल्या हातात राहत नाही, गर्दी पाण्यासारखी हिंदकळते आणि आपण तिच्याबरोबर.

हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये, उलट तुझी भीती खरी होती हे कळावं म्हणून सांगतेय. 1979 मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला द हू या बँडच्या शोच्या वेळी दारावरच्या रेटारेटीत 11 जणांचा जीव गेला, शो सुरू व्हायच्या आधीच. 1988 मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या मॉन्स्टर्स ऑफ रॉक फेस्टिवलला गन्स एन रोझेसच्या सेटमध्ये दोन जण गेले. 2000 साली डेन्मार्कच्या रॉस्किल्ड फेस्टिवलला पर्ल जॅम वाजवत असताना स्टेजपुढच्या गर्दीत 9 जण गेले. यातली कुठलीच गोष्ट लोक मॉश करत होते म्हणून झाली नाही, माणसं दाबली गेली म्हणून झाली. छाती फुगायला जागा मिळाली नाही की उभ्या माणसाचापण श्वास थांबतो. त्यामुळे तुझ्या अंगाने तुला जे सांगितलं ते बरोबर होतं, आणि तो चिडवणारा मित्र, त्याला हे माहीत नसेल तर हे पत्रच वाचायला दे.

म्हणूनच हल्ली मोठ्या स्टेजसमोर बऱ्याच ठिकाणी मधे दुसरं बॅरिकेड टाकतात, म्हणजे मागचा लोंढा तिथेच अडतो आणि पुढच्यांवर येत नाही. तुझ्या शोला असं दुसरं बॅरिकेड असेल तर ते आत गेल्या गेल्या बघून ठेव.

मग उभं कुठे राहायचं? खरे फॅन बॅरिकेडवर असतात हे वाक्य डोक्यातून काढून टाक. बॅरिकेडवर उभं राहणाऱ्यांबद्दल मला प्रेमच आहे, गिटारिस्टची बोटं दिसतात, घाम दिसतो, कधी पिक हातात येतं, ते सुख वेगळंच आहे आणि ज्याला झेपतं त्याने जरूर घ्यावं. पण आवाज तिथे सगळ्यात चांगला नसतो. मोठे स्पीकर स्टेजच्या दोन बाजूंना वर टांगलेले असतात, ते पुढच्या रांगेच्या डोक्यावरून मागे जातात. पुढे उभं राहिलं की ड्रम आणि अँपचा आवाज थेट स्टेजवरून येतो, सबवूफर पोटात ढवळतो आणि गाणारा काय गातोय ते मात्र चिखलात गेल्यासारखं ऐकू येतं. साउंड इंजिनिअर जिथे बसतो ना, मैदानाच्या किंवा हॉलच्या मधोमध ते टेबल असतं बघ, तो तिथे जे ऐकतो त्यावरून सगळं मिक्स करतो. म्हणजे गिटारच्या ज्या रिफवर, त्या परत परत येणाऱ्या तुकड्यावर, तू एवढी वर्षं जीव टाकतेस तो रिफ बँडला जसा ऐकवायचा आहे तसा त्या टेबलाच्या आसपास ऐकू येतो. त्या टेबलाभोवती रेलिंग असतं. त्या रेलिंगला पाठ लावून, स्टेजकडे तोंड करून उभी राहा. पाठीमागे कोणीच नाही! मागून रेटायला माणूसच नाही. दाबाची भीती बसलेल्या माणसासाठी अख्ख्या मैदानात याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही.

अडचण एकच, तुझी उंची. सपाट जमिनीवर मधोमध उभी राहिलीस तर तुला समोरच्याच्या टीशर्टवरच्या टूरच्या तारखा पाठ होतील आणि बँड काही दिसणार नाही. त्यामुळे आत गेल्यावर आधी चढ शोध. मैदानात मागे उतार असतो, हॉलमध्ये मागे एखाददुसरी पायरी असते, बाजूला रॅम्प असतो. तसं काही नसेल तर कडेला जा, स्टेजच्या डाव्या किंवा उजव्या टोकाला, मधल्या गर्दीच्या बाहेर. तिथून बँडचा एकच गिटारिस्ट नीट दिसेल पण तो दोन तास दिसेल, आणि कडेला असल्यामुळे बाहेर पडायची वाट पण जवळ. मी कडेची जागा फार मानते. बुटक्या माणसांनी तर मधे जायचा हट्टच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पुढच्या वेळी कधी सीटिंगचं तिकीट काढावंसं वाटलं तर बिनधास्त काढ, कमीपणा मानू नकोस. 2025 च्या जुलैमध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचा शेवटचा शो झाला तेव्हा त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला, उभं राहणं त्याला शक्यच नव्हतं, आणि त्या महिन्यातच तो गेला. 2015 मध्ये फू फायटर्सच्या डेव्ह ग्रोलने स्टेजवरून पडून पाय मोडून घेतला आणि खुर्चीत बसून तोच शो पूर्ण केला. गाणारे बसून गाऊ शकतात तर ऐकणाऱ्याने बसून ऐकलं म्हणून त्याचं प्रेम कमी कसं ठरणार.

आता पिट. तुला जावंसं वाटतं असं तू स्वतःच लिहिलंयस, आणि ते वाक्य वाचून मला खरंच आनंद झाला, कारण तुझ्यातली फॅन अजून जागी आहे. कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मॉश पिटचे व्हिडिओ बघून अभ्यास केला होता, त्यांना आढळलं की पिटमधली माणसं वायूच्या कणांसारखी फिरतात, कुठेही जातात, आपटतात, परत वेगळ्या दिशेला जातात, आणि सर्कल पिट मात्र भोवऱ्यासारखा गोल फिरतो, बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट्या दिशेने. मला हा अभ्यास आवडतो कारण बाहेरून जो नुसता धिंगाणा दिसतो त्याला आतून एक चाल आहे हे त्यात दिसतं. ती चाल कळली की भीती निम्मी होते.

पहिलं एक अख्खं गाणं फक्त कडेवर उभं राहून बघ. पिटची कड म्हणजे काय, तर आतून जे उडून येतात त्यांना तळहातांनी हलकेच परत आत ढकलणारी माणसांची भिंत. तू तिथे उभी असशील तर तुझ्यावरपण कोणीतरी येणारच, म्हणून एक पाय पुढे एक मागे, गुडघे थोडे वाकवलेले, हात छातीपुढे, आणि स्टेजकडे बघत राहायचं नाही तर पिटकडे बघायचं. कडेला उभं राहून पाठ पिटकडे करणारे लोकच जास्त लागून घेतात. एका गाण्यात तुला कळेल की इथे कोण कसं आहे. कुठे नुसती ढकलाढकली आणि हसणं चाललंय, कुठे दोनचार जण खरोखर मारायला आल्यासारखे हातपाय फिरवतायत. हार्डकोरच्या, म्हणजे पंकमधून आलेल्या आक्रमक प्रकाराच्या, शोमध्ये हवेत लाथा ठोसे फिरवत नाचायची वेगळीच पद्धत असते, ती त्यांची रीत आहे, पण पहिल्या वेळी तू त्यापासून चार हात लांबच राहा. वॉल ऑफ डेथ, म्हणजे गर्दी मधून दुभंगते आणि मग दोन्ही बाजू एकमेकांवर धावून जातात, तोही यावेळी नको. गर्दी दुभंगायला लागलेली दिसली, मधे रिकामा रस्ता तयार होतोय आणि सगळे समोरासमोर उभे राहतायत असं दिसलं, की शांतपणे मागे मागे जायचं. बघायला मात्र तो कमाल असतो.

आत जायचंच असेल तर सर्कल पिटपासून सुरुवात कर, कारण तिथे सगळे एकाच दिशेला पळतात आणि काय होणार आहे ते आधी कळतं. पळणाऱ्यांच्या दिशेनेच तिरकं आत शिरायचं, अर्ध्या गाण्यात तिरकंच बाहेर यायचं. कोपरं खाली आणि अंगाजवळ, हाताची मूठ कोणाच्या तोंडाच्या उंचीला नको. तू पाच फूट आहेस म्हणजे दुसऱ्यांची कोपरं नेमकी तुझ्या चेहऱ्याच्या उंचीला येतात, म्हणून एक हात सतत चेहऱ्यापुढे आडवा ठेवायचा. बुटाच्या नाड्या दोनदा गाठ मारलेल्या, बूट बंद, केस घट्ट बांधलेले, कानात लोंबणारं काही नको, गळ्यात काही नको, फोन चेनच्या खिशात. आणि एक नियम जो कुठेच लिहिलेला नसतो पण सगळ्यांना माहीत असतो, कोणी पडलं की तिथल्या तिथे थांबायचं आणि उचलायचं. तू पडलीस तर आजूबाजूच्या चार हातांनी तुला उचललेलं असेल, तुला कळायच्या आत, आणि कोणी दुसरं पडलं तर त्या चार हातांत एक तुझा पाहिजे. मेटलच्या गर्दीबद्दल मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे, की कोणाचा चष्मा पडला, बूट निघाला, तर अनोळखी माणूस ती वस्तू हात वर करून धरून उभा राहतो जोपर्यंत मालक सापडत नाही.

एक गोष्ट मात्र मी गोड करून सांगणार नाही. गर्दीचा फायदा घेऊन नको तिथे हात लावणारे पण असतात, सगळीकडे असतात तसे इथेही. धक्का आणि स्पर्श यातला फरक तुला कळतो, आपल्याला तो नेहमीच कळतो. असं झालं तर चूक आपली झाली का वगैरे विचार करत बसू नकोस, मोठ्याने ओरड, बोट दाखव, बाजूच्यांना सांग, सिक्युरिटीला सांग. आजूबाजूचे लोक बहुतेक वेळा तुझ्याच बाजूने उभे राहतात, तो माणूस पिटमधून बाहेर काढला जातो. क्राउड सर्फिंग, म्हणजे लोकांच्या हातांवरून आडवं होऊन पुढे जाणं, मी या कारणासाठीपण पहिल्या वेळी नको म्हणेन, कारण हवेत असताना खाली कोण आहे आणि कोणाचा हात कुठे आहे यावर तुझा ताबा नसतो.

परत दाबात सापडलीस तर काय करायचं तेपण सांगून ठेवते, म्हणजे माहीत असलं की अंग कमी घाबरतं. दोन्ही हात बॉक्सरसारखे छातीपुढे आणायचे, छाती आणि हात यांच्यामधे थोडी पोकळी ठेवायची, ती पोकळी म्हणजे तुझा श्वास. ओरडण्यात श्वास घालवायचा नाही. लोंढा येतो तेव्हा त्याच्या विरुद्ध ढकलायचं नाही, त्याच्याबरोबर जायचं, आणि लोंढा परत मागे सरकला आणि क्षणभर सैल झालं की तिरकं, कडेच्या दिशेने एकदोन पावलं टाकायची, परत थांबायचं, परत टाकायची. सरळ मागे जायचा प्रयत्न फुकट जातो. खाली काही पडलं, फोनसुद्धा, तर वाकायचं नाही. आणि बॅरिकेड जवळ असेल तर तू केलंस तेच, हात वर, सिक्युरिटीशी नजरानजर, ते उचलून काढतात, रोज शेकडो जणांना काढतात, त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. पण सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आधीच निघणं. हात सहज वर नेता येतोय का हे मधूनमधून करून बघायचं. येत नसेल तर अजून दाब यायची वाट न बघता लगेच कडेला सरकायचं, मग आवडतं गाणं का चालू असेना.

कानांबद्दल तू एकाच ओळीत लिहिलंयस, दुसऱ्या दिवशीपण वाजत होते, जणू ते होणारच. ते होऊ द्यायचं नाही. 85 डेसिबलला माणूस आठ तास राहू शकतो असं अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावरची सरकारी संस्था नायॉश धरते, आणि दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. मेटलचा शो 100 च्या आसपास किंवा वर असतो आणि तू तिथे दोन अडीच तास उभी, तेही मागच्या वेळी सबवूफरसमोर. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये शोच्या जागांसाठी सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नका असं सांगितलंय, पण ते पाळणं जागेच्या मालकावर, आपण आपलं बघायचं. इअरप्लग. फोमचे स्वस्त असतात आणि कान वाचवतात पण वरचे स्वर जास्त कापतात, सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं. म्युझिकसाठी वेगळे फिल्टरवाले मिळतात, त्यात आवाज सगळीकडे सारखा कमी होतो, आणि खरं सांगते, सिंबल्सचा चरचराट कमी झाला की गिटारचे दोन वेगवेगळे पार्ट उलट जास्त स्पष्ट ऐकू येतात. घरी एकदोनदा घालून सवय कर, आतपर्यंत नीट बसले पाहिजेत, अर्धवट बसलेला प्लग म्हणजे नसल्यासारखाच. पहिल्या बँडच्या आधी घालायचे आणि शेवटपर्यंत काढायचे नाहीत, मधे एका गाण्यापुरते काढून बघू असं पण नाही. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला ऐकू येणं जाईल या भीतीने 2016 मध्ये टूर अर्ध्यात सोडावी लागली. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक याच्या कानात कायमचा आवाज आहे. गेलेलं ऐकणं परत येत नाही, आणि तुला अजून चाळीस वर्षं तरी हे ऐकायचंय. यावेळी प्लग घालूनपण कान वाजले आणि दोन दिवसांत थांबले नाहीत तर कानाच्या डॉक्टरकडे जा, टाळू नकोस.

मानेचंपण एक. हेडबँगिंग, म्हणजे तालावर डोकं जोरात हलवणं, करशीलच, कर. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2008 साली यावर पेपर आला होता, त्यात हेडबँगिंगच्या गाण्यांचा सरासरी वेग मिनिटाला 146 बीट धरला होता आणि त्या वेगाला मान 75 अंशांपेक्षा जास्त हलवली तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते असं म्हटलं होतं. थ्रॅश त्याहून पुष्कळ वेगात जातं. स्लेअरचा गायक टॉम अराया याला मानेचं ऑपरेशन करावं लागलं आणि त्यानंतर त्याने हेडबँगिंग बंदच केलं. म्हणून वेगवान भागात दर बीटला मान न टाकता एक सोडून एक बीटला टाकायची, कंबरेतून हलायचं, आणि खरा जोर ब्रेकडाउनसाठी, म्हणजे गाण्यातल्या संथ जड भागासाठी, राखून ठेवायचा. तिथेच मजा पण जास्त आहे.

एकटीने जायचं म्हणतेस ते मला तर फायद्याचंच वाटतं. मागच्या वेळी तू मित्राच्या मागे पळालीस. यावेळी उभं कुठे राहायचं, कधी पाणी प्यायला जायचं, कधी निघायचं, सगळं तुझ्या मनावर, कोणाला शोधत बसायचं नाही आणि कोणाला उत्तर द्यायचं नाही. मेटलच्या शोला एकटे आलेले भरपूर असतात, आणि तुझ्या टीशर्टवर एखादा कमी माहीत असलेला बँड असला तर पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी येऊन त्याच्याबद्दल बोलणारच. फक्त घरी एकाला सांगून ठेव किती वाजता संपतंय आणि परत कशी येणारेस. परतीचं आधी ठरवून ठेव, शो संपल्यावर सगळे एकदमच निघतात. फोन पूर्ण चार्ज. आधी पोटभर खाऊन जा, गर्दीत चक्कर येते त्याला उपाशी पोट हे मोठं कारण असतं. व्हिडिओ काढायचा तर एका गाण्याचा काढ आणि मग फोन ठेवून दे.

मित्राला काय सांगायचं असं तू विचारलं नाहीयेस पण ते पत्रात ओळीओळीत दिसतंय. त्याला काही सिद्ध करून दाखवायला पिटमध्ये जाऊ नकोस. तुला जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर टेबलाच्या रेलिंगला टेकून प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द गा. तू बाहेर भिंतीला टेकून, रडून झाल्यावर, कान वाजत असताना उरलेला अख्खा शो ऐकलास गं. घरी निघून जाता आलं असतं. गेली नाहीस. तुला अजून कोणाकडून फॅन असल्याचं सर्टिफिकेट पाहिजे?

आणि शेवटचा प्रश्न, सपोर्ट बँड सोडून उशिरा जाऊ का. नको. उशिरा गेलीस तर तुला जागा निवडताच येणार नाही, जिथे फट दिसेल तिथे घुसावं लागेल आणि ती फट नेमकी मधे गर्दीतच असेल. लवकर जा, गेट उघडल्यावर धावायचं मात्र नाही, सगळ्या धावणाऱ्यांना पुढे जाऊ दे. मग रिकाम्या मैदानात एक चक्कर मार. बाहेर पडायचे दरवाजे कुठे, पाणी कुठे, मेडिकलवाले कुठे, दुसरं बॅरिकेड आहे का, टेबल कुठे, चढ कुठे. सपोर्ट बँडचा सेट म्हणजे तुझी तालीम समज. पहिली दोन गाणी टेबलापाशी, पुढची दोन कडेला, कुठून दिसतं, कुठून ऐकू येतं ते बघ, पिट लहान असतो तेव्हाच त्याच्या कडेवर थोडा वेळ उभी राहून बघ, लहान पिटमध्ये शिरणं निघणं दोन्ही सोपं. मेन बँडच्या आधी जो अर्धा तास स्टेज बदलतात त्यात लोक पुढे सरकतात आणि घट्ट होत जातं, तेव्हा तू तुझ्या ठरवलेल्या जागी पोचलेली पाहिजेस. आणि सपोर्ट बँडला टाळ्या वाजव, त्यांचं एकही गाणं ओळखीचं नसलं तरी. ज्या बँडसाठी तू आता जीव टाकतेयस तोपण कधीतरी अर्ध्या रिकाम्या मैदानापुढे संध्याकाळच्या उजेडात वाजवून गेलेला असणार, आणि तेव्हा पुढे येऊन ऐकणारे जे थोडे लोक होते त्यांच्यामुळेच तो पुढे टिकला.